टर्बो इंजिनातील ओढ आणि दाब

लातूर–नांदेड रस्त्यावर, बालाघाटच्या रांगेत वसलेल्या अहमदपुरातून सोयाबीन आणि तूर घेऊन लातूरच्या आडत बाजाराकडे जाणारे पिकअप असोत, प्रवासी वाहणाऱ्या क्रूझर असोत की अलीकडच्या लहान टर्बो-पेट्रोल मोटारी असोत, गाडीचा पिकअप, म्हणजे वेग पकडण्याची ताकद, कमी झाला, निळा धूर दिसू लागला किंवा इंजिन ऑइल खाऊ लागले की ‘टर्बो गेला’ हे निदान सर्वांत आधी केले जाते. टर्बो हा इंजिनाच्या महागड्या भागांपैकी एक असल्यामुळे हे निदान चुकल्यास मालकाला मोठा भुर्दंड बसतो; आणि ते अनेकदा चुकते, कारण टर्बोचे म्हणून सांगितले जाणारे पुष्कळसे दोष त्याच्याभोवतीच्या रबरी नळ्यांचे असतात.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट घेतलेली टर्बोची मूळ कल्पना अशी, की सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या वेगावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने, म्हणजे कॉम्प्रेसरने, हवा दाबून इंजिनात भरावी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या, पुढचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारी पोकळी, जवळजवळ सर्वकाळ ओढीखाली असते. बाहेरच्या वातावरणाचा दाब सुमारे 1 बार असताना आयडलिंगला तेथे 0.3 ते 0.4 बार एवढाच उरतो, आणि ही ओढ, जिला गॅरेजमध्ये ‘व्हॅक्युम’ म्हणतात, पेडल हलके करणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला फुकट मिळते. टर्बो आल्यावर मात्र तोच मॅनिफोल्ड आयडलिंगला ओढीखाली आणि चढावर, भरल्या गाडीत, दाबाखाली जातो. त्यामुळे त्याला जोडलेल्या प्रत्येक नळीला दोन विरुद्ध अवस्था सोसाव्या लागतात आणि ब्रेक व ब्रीदरच्या नळ्यांच्या मार्गात हवा एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह लागतो.

या दुहेरीपणाचा खरा कस ब्रीदर नळीत, म्हणजे ऑइल चेंबरमधला वायू बाहेर काढणाऱ्या नळीत, लागतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरकडे उतरतोच. मिस्त्री यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. हा वायू पूर्वी सरळ बाहेर सोडला जाई, परंतु त्यातील न जळालेल्या इंधनामुळे हवा बिघडते हे उमगल्यावर 1960 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात तो पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची व्यवस्था सक्तीची झाली आणि पुढे जगभर रूढ झाली. टर्बो-पेट्रोल इंजिनात या वायूला दोन वाटा द्याव्या लागतात: आयडलिंगला तो मॅनिफोल्डच्या ओढीने जातो, आणि मॅनिफोल्डमध्ये दाब चढला की ती वाट चेक व्हॉल्व्ह बंद करतो व वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या भागात, कॉम्प्रेसरच्या सौम्य ओढीकडे, वळतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर टर्बोचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरतो, ऑइल सील गळू लागतात आणि कधी डिपस्टिकही वर उचलली जाते.

ब्रीदर चिकट काजळीने तुंबला तर आणखी फसवा प्रकार घडतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकणाऱ्या टर्बोच्या दांड्याला मिळणारे ऑइल परत चेंबरमध्ये येते ते कोणत्याही पंपाने नव्हे, तर केवळ उताराने. चेंबरमध्ये वायूचा दाब साठला की हे ऑइल खाली उतरू शकत नाही, टर्बोतच तुंबते आणि त्याच्या सीलमधून हवेच्या नळीत झिरपते. नळी काढून पाहणाऱ्याला आत ऑइल दिसते, टर्बो बदलला जातो, आणि तुंबलेला ब्रीदर तसाच राहिल्याने नवा टर्बोही काही दिवसांत ऑइल टाकू लागतो.

डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्यात पेट्रोल इंजिनासारखी थ्रॉटलची अडवणूक नसल्याने मॅनिफोल्डमध्ये पुरेशी ओढ निर्माणच होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. जुन्या जीप-सुमोंमध्ये तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला असे, नंतरच्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला आला. ज्या रचनांत टर्बोच्या हलत्या पात्यांचे नियंत्रण याच पंपाच्या ओढीवर चालते, त्यांत मुख्य नळी तडकली तर पिकअप जातो आणि ब्रेकचे पेडलही कडक होते. ही दोन लक्षणे एकत्र आली की टर्बोकडे पाहण्याआधी पंपाची नळी तपासणे शहाणपणाचे.

मराठवाड्यात यात धुळीची भर पडते. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीला पडलेल्या बारीकशा चिरेतून न गाळलेली हवा आत ओढली जाते, आणि काळ्या मातीची धूळ कॉम्प्रेसरची पाती व नंतर रिंगा झिजवते; रिंगा झिजल्या की बॅक कॉम्प्रेशन वाढते आणि ब्रीदरवरचा भारही. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात, बॉनेटखालच्या उष्णतेने रबर कडक होऊन क्लिपेजवळ तडकते. तेथे हाताशी असेल ती नळी बसवणे हा स्वस्त उपाय नव्हे: साधे नैसर्गिक रबर ऑइलने फुगते, पातळ भिंतीची नळी ओढीखाली चपटी होते, आणि दिसायला भारी असलेली साधी सिलिकॉन नळीही ऑइलच्या वाफेपुढे टिकत नाही, ब्रीदरसाठी ऑइल सोसणारे नायट्राइलसारखे रबरच लागते.

तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचे झाकण फिरवून सैल ठेवावे: पेट्रोल इंजिनात ते हलकेच ओढले जाणे ठीक, घट्ट चिकटून शिट्टीसारखा आवाज आला तर ब्रीदरची ओढ आटोक्यात ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा, आणि झाकण उडू लागले तर आधी ब्रीदर साफ करून पुन्हा पाहावे, कारण त्यानंतरही ते उडत असेल तरच रिंगांचा खर्च विचारात घ्यायचा असतो.