मुलगा हॉस्टेलला निघालाय? बादली तिथेही मिळेल, पण 'हे' राहिलं तर गावी परत यावं लागेल

इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमध्ये सीट मिळाली, फी भरली, हॉस्टेलची खोलीही मिळाली. आता घरात एक मोठी बॅग उघडून ठेवलेली असते आणि जो तो येता-जाता त्यात काहीतरी टाकत असतो. आईचा चिवड्याचा डबा, आजीची गोधडी, बाबांनी आणलेली नवी इस्त्री. लातूर-परभणीहून पुण्याला निघालेल्या मुलाच्या सामानात बादली, मग, हँगर, झाडूसुद्धा असतो. पण ज्या गोष्टीसाठी पहिल्याच महिन्यात रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गावी यावं लागतं, ती बादली नसते. एखादा कागद असतो.

त्यामुळे बॅग भरताना साधा हिशोब करावा. कॉलेजच्या गेटबाहेर जे मिळतं, ते तिथेच घ्यावं. जे फक्त गावी मिळतं किंवा गावीच करून घ्यावं लागतं, ते आधी. आणि हो, मुलाने 'बेटरमेंट'चा पर्याय घेतला असेल तर मोठी खरेदी थांबवलेलीच बरी, कारण पुढच्या राऊंडला कॉलेज आणि शहर दोन्ही बदलू शकतं.

आधी फाईल, मग बॅग

दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी, सीईटीचं स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर, डोमिसाईल हे बहुतेकांच्या लक्षात असतं. राखीव जागेवर प्रवेश असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. मध्ये एक वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो डझनभर आणि सगळ्याचे स्कॅन मुलाच्या ईमेलवर. नुसते फोनच्या गॅलरीत ठेवले तर फोन हरवल्यावर तेही जातात.

मूळ कागदपत्रांबाबत एक गोष्ट अनेक पालकांना माहीत नसते. यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत. तरीही एलसीची मूळ प्रत अनेक ठिकाणी मागतात. ती देण्याआधी झेरॉक्स काढावी आणि दिल्याची पोच घ्यावी. कारण डुप्लिकेट काढायची तर पुन्हा जुन्या शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात खेटे आले.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तहसीलचं काम. त्यासाठी रेशनकार्ड, सातबारा यांचे फोटो मुलाकडेही असू द्यावेत. दरवर्षी मुलाला आणि पालकांना अँटी-रॅगिंगचं हमीपत्रही भरून द्यावं लागतं. हा कागद नुसता सही करून सोडून देण्यातला नाही. त्यासोबतचा हेल्पलाईन नंबर, १८००-१८०-५५२२, दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह हवा.

ओटीपी बाबांच्या फोनवर

आता खरी गंमत. मुलगा पुण्यात महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरत बसलाय आणि आधारचा ओटीपी जातोय गावातल्या बाबांच्या नंबरवर. बाबा शेतात, फोन घरी. किंवा आधारला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद झालेला.

लहानपणी काढलेल्या आधारला घरच्यांचाच नंबर असतो, त्यात कुणाची चूक नाही. पण निघण्याआधी आधार केंद्रावर जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्याने द्यावं लागतं. ते राहिलं असेल तर त्याच फेरीत उरकावं.

बँकेचंही तसंच. मुलाचं खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी देऊन ते सज्ञान खात्यात बदलावं लागतं. हे केलं नाही तर खातं ऐन वेळी अडकू शकतं, तेही मेसचे पैसे भरायच्या दिवशी. शिवाय स्कॉलरशिपचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. म्हणून खातं आधारला नुसतं जोडलंय की थेट लाभासाठीही चालू आहे, हे शाखेत विचारून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण गावच्या शाखेतलं. सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी 'स्वाधार' योजना आहे, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. दोन्हीकडे हेच खातं लागतं.

बाबांची इस्त्री घरीच का ठेवायची?

अनेक हॉस्टेलमध्ये किटली, इंडक्शन, हीटरचा रॉड यांना बंदी असते आणि सापडलं तर जप्ती, वर दंड. मुलांना हा रेक्टरचा जाच वाटतो. पण हिशोब बघा. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त १३८० वॅट घेता येतात. १५०० वॅटची किटली एकटीच त्याच्या वर जाते. त्यात एकाच वायरिंगवर तीन-चार खोल्या असतील आणि सकाळी सात वाजता सगळ्यांना गरम पाणी हवं असेल, तर वायर तापणारच. चार्जिंगसाठी चांगल्या कंपनीचा, फ्यूज असलेला एक्स्टेंशन बोर्ड मात्र जरूर द्यावा. भिंतीतलं सॉकेट नेमकं दुसऱ्याच्या खाटेमागे असतं.

घरची गादी नेण्याआधी खाटेचं माप विचारावं. ती बहुतेक ठिकाणी साधारण ६ बाय ३ फुटांची असते, डबलबेडच्या चादरी तिथे कामाच्या नाहीत. कपडे सात-आठ जोड पुरे, पण शहर बघून. पुण्या-मुंबईत ऑगस्टमध्ये जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. ओल्या कपड्यांनी जांघेत खाज सुरू होते आणि मुलं लाजेने महिनाभर सांगत नाहीत. पातळ ट्रॅकपँट, जास्तीच्या अंडरवेअर आणि पंचा हे टॉवेलपेक्षा कामाचे. दोन किल्ल्यांचं कुलूप हवंच. फोनचा आयएमईआय नंबर आणि बिलाचा फोटो घरीही ठेवावा. फोन चोरीला गेला तर 'संचार साथी' पोर्टलवर तो ब्लॉक करायला लागतो.

औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडएड आणि मुलाची नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह. चष्मा असेल तर दुसरा जोड. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, हे त्याला स्पष्ट सांगावं. डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक गोष्ट बॅगेत भरता येत नाही. कपडे धुणं, बटण लावणं, स्वतःचा डबा घासणं. मुलगी हॉस्टेलला निघते तेव्हा हे तिला येतच असेल असं घरात धरून चालतात. मुलाला मात्र बारावीपर्यंत 'तू अभ्यास कर' म्हटलेलं असतं. निघण्याआधीचे आठ दिवस त्याने स्वतःचे कपडे स्वतः धुतले तर किती साबण लागतो हे तरी कळेल.

राहिला चिवडा. तो द्यावाच, पण दहा किलो नको. तो पहिल्या रात्रीच खोलीतल्या सगळ्यांत वाटला जातो आणि अनोळखी मुलांशी बोलायला तेवढं निमित्त पुरतं. पावसात चिवडा सादळतो. शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात जास्त टिकते, मेसच्या भाजीलाही सांभाळून घेते. स्वेटर आणि आजीची गोधडी दिवाळीला घरी आल्यावर नेली तरी चालते, पुण्याची थंडी त्यानंतरच सुरू होते.