काळे गाजर : परसबागेतील लागवड व साठवण

गाजर हा शब्द उच्चारताच आज आपल्या रुग्णाच्या डोळ्यांसमोर नारिंगी किंवा लाल कंद उभा राहतो. वैद्याच्या मनात मात्र निघंटूतील गुणवर्णन असते. ह्या दोहोंमध्ये किती अंतर आहे, ह्याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा होत नाही. अलीकडे काळ्या, म्हणजेच गडद जांभळ्या गाजराची कांजी, रस व चूर्ण ह्यांविषयी रुग्ण वारंवार विचारू लागले आहेत आणि काही औषधालयांत ती विक्रीसही आहेत. हे द्रव्य आपण स्वतः पिकवून, पाहून व चाखून मगच रुग्णास सांगावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी दोन-तीन वाफे किंवा गच्चीवरील काही खोल कुंड्याही पुरेशा आहेत. प्रस्तुत लेखात त्याची लागवड, साठवण व वापरातील सावधगिरी ह्यांचा क्रमाने विचार केला आहे.

नामनिश्चय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधी अध्यायाच्या हरितवर्गात गृंजनक येते. ते ग्राही व तीक्ष्ण असून वातकफज अर्शात हितकर आहे आणि पित्तप्रकृती नसलेल्यांस स्वेदनासाठी व आहारात योजावे, असा तेथील आशय आहे. मनुस्मृतीने मात्र गृंजनाला लसूण व कांदा ह्यांच्या पंक्तीस बसवून वर्ज्य ठरविले आहे. त्यामुळे गृंजन म्हणजे कांद्याच्या जातीचा एखादा कंद की गाजर, असा वाद टीकाकारांपासून चालत आला आहे. भावप्रकाशात गाजर व गृंजन हे पर्याय मानले आहेत. तेथे ते मधुर, तिक्त, तीक्ष्ण, उष्ण, दीपन, लघु व ग्राही सांगितले असून रक्तपित्त, अर्श व ग्रहणी ह्यांत उपयुक्त मानले आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सर्व रंगांची गाजरे ‘डॉकस कॅरोटा’ ह्या एकाच जातीची आहेत. धणे, जिरे, बडीशेप व ओवा ह्यांच्याच कुलातील ही वनस्पती होय. लागवडीच्या गाजराचे मूळ मध्य आशियात, अफगाणिस्तान-इराणच्या परिसरात मानले जाते आणि तेथील जुने प्रकार जांभळे व पिवळे होते. नारिंगी गाजर सोळाव्या-सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पुढे आले व तेथून जगभर पसरले. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या परिचयाचे गाजर हे आजचे नारिंगी विलायती गाजर नसावे, असे ह्यावरून अनुमान करता येते. म्हणून ‘गाजर खा’ असे सांगताना कोणत्या रंगाचे, हेही सांगणे आणि रुग्णपत्रिकेत त्याची नोंद करणे इष्ट आहे.

रंगांतील भेद केवळ शोभेचा नाही. नारिंगी गाजरात बीटा कॅरोटीन विपुल असते, तर लाल देशी गाजरात लायकोपिन. काळ्या गाजराचा रंग अँथोसायनिन ह्या रंगद्रव्याचा असतो. जांभूळ व कोकम ह्यांच्या फळांचा रंगही ह्याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो. पूर्णतः काळ्या गाजरात कॅरोटीन तुलनेने कमी असते, म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावात काळे गाजर हे नारिंगी गाजराची जागा घेऊ शकत नाही.

वाण

पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश व राजस्थान येथे काळे गाजर परंपरेने पिकते. तेथे होळीच्या सुमारास त्याची कांजी घरोघरी होते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पुसा असिता’ आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘पंजाब ब्लॅक ब्युटी’ हे ह्या गटातील सुधारित वाण आहेत. काही विलायती वाण वरून जांभळे पण आतून नारिंगी असतात. बी घेताना ‘आतूनही काळे’ ह्याची खात्री करावी.

भूमी व पेरणी

गाजर हे थंड ऋतूचे पीक आहे. कंद भरण्यास व रंग चढण्यास १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. महाराष्ट्रात पठारी भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी करावी. उशीर झाल्यास कंद भरण्याआधीच उन्हाळा लागतो व रोप फुलोऱ्याचा दांडा धरते. कोकणात हिवाळा सौम्य असल्याने रंग फिका राहण्याचा संभव असतो.

जमीन भुसभुशीत, वाळूमिश्रित व खोल हवी. आपल्याकडील भारी काळ्या जमिनीत कंद वाकडे होतात व त्यांना फाटे फुटतात. अशा ठिकाणी माती, वाळू व जुने कुजलेले शेणखत मिसळून ३० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करावा. खडे व ढेकळे वेचून काढावीत. ताजे शेणखत कटाक्षाने टाळावे. त्याने कंदाला फाटे व केसाळ मुळ्या फुटतात, शिवाय कच्चे खाण्याच्या कंदास ते आरोग्यदृष्ट्याही अनिष्ट आहे. गच्चीवर लागवड करावयाची असल्यास निदान ३५ ते ४० सेंटीमीटर खोलीची कुंडी किंवा पिशवी घ्यावी.

गाजराचे रोप लावणीस उपयोगी नाही. मुख्य मूळ दुखावले की कंद बिघडतो, म्हणून बी जागेवरच पेरावे. बी अतिशय बारीक व लवयुक्त असते. ते हातावर चोळून बारीक वाळूत मिसळावे आणि ३० सेंटीमीटर अंतरावरील ओळींत एक ते दीड सेंटीमीटर खोल पेरावे. उगवण मंद असून १० ते १५ दिवस लागतात. तोपर्यंत वरचा थर एकदाही सुकू देऊ नये. ओले गोणपाट अंथरावे व पहिला अंकुर दिसताच ते काढून घ्यावे.

संगोपन व काढणी

पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत ७ ते १० सेंटीमीटर अंतर ठेवावे. विरळणी जिवावर येते, परंतु ती टाळल्यास पाने भरपूर व कंद सुतळीसारखे मिळतात. पाणी थोडे पण नियमित द्यावे. वाफा कोरडा ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास कंद तडकतात. नत्रयुक्त खताच्या अतिरेकाने पाला माजतो. कंदाचा माथा उघडा पडल्यास त्यास मातीची भर द्यावी, नाहीतर तो हिरवा व कडवट होतो. मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव समजावा. त्या जागी पुढील हंगामात झेंडू लावावा.

साधारण ९० ते ११० दिवसांत काळे गाजर काढणीस येते. माथ्याशी माती बाजूला सारून जाडी पाहावी. थंडी असेपर्यंत कंद दोन-तीन आठवडे वाफ्यातच ठेवता येतात आणि घरगुती प्रमाणात हीच सर्वांत सोपी साठवण होय. ऊन तापू लागले की गाभा लाकडासारखा होतो, म्हणून त्यापूर्वी सर्व कंद काढावेत.

साठवण

कंद काढताच पाला कापावा, दोन सेंटीमीटर देठ ठेवावेत. पाला राहिल्यास तो कंदातील पाणी ओढून घेतो व दोन दिवसांत गाजर लिबलिबीत होते. साठवावयाचे कंद धुऊ नयेत. माती हलकेच झाडून, सावलीत वरचा ओलावा सुकवून, तडकलेले, कीडलेले व कापलेले कंद वेगळे काढावेत. हे प्रथम वापरावेत.

शून्य अंशाजवळील तापमान व ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता असलेल्या शीतगृहात पक्व गाजर चार-सहा महिने टिकते. घरगुती शीतकपाटात छिद्रे पाडलेल्या पिशवीत ते दोन ते चार आठवडे चांगले राहते. सफरचंदासारखी पिकणारी फळे त्याच कप्प्यात ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते. शीतकपाट नसल्यास थंड खोलीत, लाकडी खोक्यात किंचित ओलसर वाळूचे थर देऊन, कंद एकमेकांस न टेकतील असे पुरावेत. आठवड्यातून एकदा पाहणी करून सडलेला कंद काढून टाकावा.

चूर्णासाठी पातळ चकत्या कराव्यात. त्या उकळत्या पाण्यात टाकू नयेत, कारण रंग पाण्यात उतरतो. दोन-तीन मिनिटे वाफ देऊन ५० ते ६० अंशांच्या शुष्कयंत्रात किंवा सावलीत हवेशीर जागी, कडकडीत मोडेपर्यंत वाळवाव्यात. एक किलो कंदापासून साधारण आठवा भाग शुष्क द्रव्य मिळते. चूर्ण ओलावा चटकन शोषते, तेव्हा ते हवाबंद, गडद रंगाच्या बरणीत ठेवून बरणीवर वाळवणीची तारीख लिहावी.

कांजी

संधानकल्पना आपणांस नवीन नाही. राई व मुळ्याच्या पानांच्या रसापासून होणारी शिंडाकी भावप्रकाशाच्या संधानवर्गात आहे. उत्तर भारतातील गाजराची कांजी ह्याच परंपरेशी जुळते. तुर्कस्तानात अदाना परिसरात काळ्या गाजराचेच ‘शल्गम’ नावाचे आंबवलेले पेय लोकप्रिय आहे.

अर्धा किलो गाजराच्या उभ्या फोडी, उकळून गार केलेले दोन लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम राईची पूड व चवीपुरते तिखट काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घालावे. तोंडावर फडके बांधून चार ते सहा दिवस उन्हात ठेवावे व रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे. आंबट वास व चव आल्यावर गाळून शीतकपाटात ठेवावे आणि एक-दोन आठवड्यांत संपवावे. तांब्या-पितळेची व ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. बुरशी किंवा दुर्गंध आल्यास सर्व कांजी टाकून द्यावी, वरचा थर काढून उरलेली वापरू नये.

औषधालयासाठी सावधगिरी

पहिली गोष्ट बियांची. पेरणीसाठी मिळणाऱ्या गाजराच्या बियांना बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. असे बी कोणत्याही परिस्थितीत औषधासाठी वापरू नये आणि औषधी बियांच्या कपाटात ठेवूही नये. शिवाय गाजरबीज परंपरेने आर्तवप्रवर्तक मानले जाते, तेव्हा ते गर्भिणीस देऊ नये.

दुसरी गोष्ट भेसळीची. काळ्या गाजराच्या नावाने बिटाचे चूर्ण आले आहे काय, हे साध्या परीक्षेने कळते. चूर्णाच्या पाण्याचे दोन भाग करावेत. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. काळ्या गाजराचे पाणी लिंबाने तांबडे व सोड्याने निळसर-जांभळे होते, बिटाचा रंग खाण्याच्या सोड्याने असा निळा पडत नाही. मात्र ही परीक्षा बीट ओळखण्यापुरतीच आहे. अँथोसायनिन असलेली इतर द्रव्येही असाच रंगपालट दाखवितात.

तिसरी गोष्ट रुग्णाची. कांजी ही अम्ल, लवण व तीक्ष्ण आहे. अम्लपित्त, रक्तपित्त व पित्तप्रधान प्रकृतीत, तसेच उच्च रक्तदाब व वृक्कविकारात मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णास ती देऊ नये. अर्शात सांगितलेले गुण वातकफज अर्शाविषयी आहेत, हे विसरून रक्तस्राव असलेल्या अर्शाच्या रुग्णास राईची कांजी सांगणे अनुचित होय. तसेच काळ्या गाजराने मलाचा रंग गडद होऊ शकतो, हे रुग्णास आधीच सांगावे, म्हणजे तो घाबरणार नाही. आणि रक्तस्रावाची शंका असल्यास वैद्यानेही केवळ गाजरावर भार टाकून तपासणी टाळू नये.

बीजसंग्रह

आशियाई गटातील गाजर, विलायती वाणांप्रमाणे डोंगराळ थंडीची अपेक्षा न करता, मैदानी प्रदेशातही बी धरते. जानेवारीत उत्तम आकाराचे व आतपर्यंत काळे असलेले कंद निवडावेत. खालचा तृतीयांश भाग कापल्यास गाभ्याचा रंगही पाहता येतो. वरचा भाग देठांसह पुन्हा लावावा. बी एप्रिल-मे महिन्यांत पक्व होते. कीटकांमुळे परपरागीकरण होत असल्याने जवळ दुसऱ्या रंगाचे गाजर फुलोऱ्यावर नसावे. शुद्धतेसाठी सुमारे एक किलोमीटर अंतर लागते. परसबागेत हे साधणे कठीण असल्यास मूळ बी दरवर्षी विश्वसनीय संस्थेकडूनच घ्यावे.

द्रव्याचा रंग, रस व वीर्य स्वतः पडताळून मगच रुग्णास सांगणे हा आपल्या शास्त्राचा जुना दंडक आहे. येत्या ऑक्टोबरात वैद्यबंधू-भगिनींनी निदान एक वाफा काळ्या गाजराचा करावा आणि रंगासह आपल्या रुग्णांवरील अनुभवाची नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे. इत्यलम्.