दोन तारांची जोडी आणि एका तारेचे मौन

संगणकाच्या तारांविषयी बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. आमच्या नया नगरातील कितीतरी मुले रात्रीची लोकल पकडून मुंबईच्या संगणककेंद्रांत पाळीवर जातात, आणि तेथे एखादी तार बंद पडली की पहिला जाब त्यांनाच विचारला जातो. जाब नेमका कशाचा द्यावयाचा हे कळावे म्हणून आम्ही त्या मुलांच्याच शेजारी बसून हा विषय शिकलो. रात्रशाळेनंतरची ही आमची दुसरी शाळा.

महत्त्वाचे यंत्र एकाच तारेच्या भरवशावर कोणी ठेवीत नाही. त्याला दोन नेटवर्क कार्डे, दोन तारा, आणि शक्य तर दोन निरनिराळे स्विच देतात. लिनक्स प्रणालीत या दोन वाटांची एक मोट बांधण्याची सोय आहे. तिला बाँडिंग म्हणतात. वरच्या कार्यक्रमांना 'बाँड०' नावाचे एकच दार दिसते. आत मात्र एक तार काम करते आणि दुसरी उभी राहते. (दोन्ही तारांवर काम वाटून देणारे प्रकारही आहेत, आज हा साधा प्रकार धरून चालू.) गिरणगाव ज्यांनी पाहिला त्यांना हे नवे नाही. बदली कामगार गिरणीच्या दाराशी उभा असे, आणि कायमचा माणूस आला नाही म्हणजे त्याला आत घेत. परंतु कोण आला नाही, हे आधी कोणाला तरी कळावयास हवे ना! सारा प्रश्न तेथेच आहे.

कळण्याची पहिली रीत मस्टरची. तारेच्या दुसऱ्या टोकाकडून खूण येते की नाही, हे लिनक्स ठरावीक काळाने प्रत्येक कार्डाला विचारतो. किती काळाने विचारावयाचे तो आकडा 'एमआयआयमॉन' या नावाने लिहून ठेवतात. तेथे 100 लिहिले तर दर 100 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदात दहा वेळा विचारणा होते. जुन्या आवृत्त्यांत हा आकडा लिहिला नाही तर तो शून्य धरला जाई. म्हणजे माणसे दोन ठेवली, पण मस्टर मात्र उघडलेच नाही!

खूण गेली की तत्क्षणी तार बदलावी, असेही नाही. सैल झालेली तार घटकेत लागते, घटकेत सुटते. अशा वेळी काही काळ थांबून मगच निर्णय घेण्यासाठी 'डाउनडिले' आहे. परत आलेल्या तारेला लगेच कामावर न घेण्यासाठी 'अपडिले' आहे. पुष्कळदा नव्याने चालू झालेल्या स्विचचा दिवा आधी पेटतो आणि माल पुढे नेण्यास तो काही सेकंदांनंतर तयार होतो. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी मोठ्या यंत्रावर उभे करू नये, तसेच हे.

पण मस्टरवर सही झाली म्हणजे काम झाले, असे कोणता जॉबर म्हणेल? आपल्या संगणकापासून स्विचपर्यंतची तार धड आहे आणि त्या स्विचच्या पलीकडची तुटली आहे, असे घडते. अशा वेळी कार्डावरचा दिवा शांतपणे जळतच राहतो. त्यासाठी दुसरी रीत आहे हाक मारण्याची. लिनक्स ठरलेल्या पत्त्यांना 'एआरपी'ची हाक घालतो आणि उत्तर येते का ते पाहतो. असे पत्ते सोळापर्यंत देता येतात. एकच दिला आणि ते यंत्र दुरुस्तीसाठी बंद झाले, तर धड तारेवर नाहक ठपका येतो. ही हाक आपल्या वाड्यापुरतीच पोहोचते. वेशीबाहेरच्या रस्त्याची चौकशी वेगळी करावी लागते. शिवाय ही रीत बाँडिंगच्या सर्वच प्रकारांना लागू पडत नाही.

आता जे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो ते. दोघांपैकी एक तार पडली तरी 'बाँड०' सामान्यतः 'चालू' असेच सांगतो. खोटे नव्हे ते. काम चाललेलेच असते. पण दोघांचा भार एकावर आला आहे, हे वरच्याला दिसत नाही. कचेरीतला साहेबही असाच असतो: माल वेळेवर निघतो आहे ना, मग खात्यात माणसे किती उरली हे तो विचारीत नाही. आणि एके दिवशी दुसरी तार पडते. म्हणून नजर जोडीवर नव्हे, जोडीतील प्रत्येक तारेवर हवी. लिनक्स 'प्रॉक'मधल्या 'बाँडिंग'च्या नोंदीत प्रत्येक तारेची स्थिती आणि ती आजवर किती वेळा पडली तो आकडा लिहून ठेवतो. तार पडताच किंवा उठताच तो 'नेटलिंक'वरून वर्दीही देतो. ऐकणारा कार्यक्रम मात्र आपण बसवावा लागतो.

एका संगणकाच्या पलीकडे, शहराच्या मापाने हाच प्रश्न मुंबईने 24 फेब्रुवारी 2021 रोजी पाहिला. राष्ट्रीय शेअर बाजाराने दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांचे मार्ग घेतले होते. त्या दिवशी दोन्हींवर बिघाड आला. सकाळी सुमारे 11.40 वाजता व्यवहार थांबले ते दुपारी 3.45 ला सुरू झाले आणि 5 पर्यंत चालविले गेले. मार्गावरील खोदकाम हे कारण पुढे सांगण्यात आले. कंपन्या दोन, पण खालचा रस्ता एक असला तर कुदळ कंपनीचे नाव वाचीत नाही. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडून चालत जाणाऱ्याने एकदा मान वर करून पाहावे: कितीतरी कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून, एकाच गच्चीवरून गेलेल्या दिसतील.

पाळीवरच्या मुलांना आम्ही एवढेच सांगतो की, जोडी बसवून दिली म्हणून सही करू नका. आगाऊ कळवून, कामाचा जोर कमी असताना, आधी एक तार हाताने उपसा आणि नोंद पाहा. मग ती परत लावा आणि स्विचच्या पलीकडची तोडा. दिवा जळत असताना नोंद बदलली, तर हाक मारणारी पाहणी चालू आहे. नाही बदलली, तर तसे तारीखवार लिहून वरच्याची सही घ्या, आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवा.