फासा : साधन की शस्त्र?

सोलापूर जिल्ह्यातील फासेपारधी समाजास नाव मिळाले ते त्याच्या साधनावरून. ‘पारध’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत ‘पापर्द्धि’ अशी दिली जाते. पाप शब्दातच गोवलेले, ही योगायोगाची गोष्ट म्हणावी. ह्या लोकांची घरची बोली मराठी नव्हे. तिचे गुजरातीशी निकटचे साम्य असून ग्रिअर्सन यांनी ती भिल्ली बोलींत गणली आहे. हा समाज गुजरात-राजस्थानाकडून दक्षिणेत उतरला, ह्या मतास त्यामुळे पुष्टी मिळते.

फासा घरीच तयार होतो. हरणाकरिता जनावरांच्या स्नायूंचे तंतू वळून चिवट दोरी करितात व तिचा सरकफास खुंटीने जमिनीस जखडतात. तित्तिर, लावा यांस घोड्याच्या केसांचे फास पुरतात. असे अनेक फास ओळीने मांडून सावज हळूहळू तिकडे वळवावयाचे. कित्येकदा शिकविलेल्या गाईच्या आडोशाने पारधी पुढे सरकतो. फाशास धार नाही, आवाज नाही. तो आवळतो सावजाच्याच धडपडीने. खरे कौशल्य दोरीत नसून ती कोठे मांडावी ह्या ज्ञानात आहे, आणि ते ज्ञान जप्त करिता येत नाही.

कायद्याने मात्र साधनाऐवजी माणसासच धोकादायक ठरविले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याजोगा झाला. सोलापुरातही तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. तेथे जन्म हाच पुरावा मानला जाई. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी, शस्त्रांतून वगळल्या. ह्या कसोटीवर फाशास शस्त्र म्हणणे कठीण. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत फास लावणे ही शिकारच होय. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. जमात गुन्हेगार राहिली नाही, पण तिचा धंदा गुन्हा झाला. आणि दुसरा धंदा देण्याची तजवीज त्या मानाने फारच थोडी झाली.

हे ज्ञान निरुपयोगी होते असे नव्हे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत नोंदीची कडी अडकविण्यासाठी बिहारमधील मीरशिकार ह्या परंपरागत पक्षी पकडणाऱ्यांचे साहाय्य घेतले. पक्षी जिवंत व अक्षत पकडणे, हेच तर केसांच्या फाशाचेही वैशिष्ट्य आहे.