कोरड्या डोळ्यांतले पाणी

अश्रू म्हटले की आपल्याला रडणे आठवते. परंतु अश्रूंचे मुख्य काम रडण्याचे नव्हे. दिवसभर, कोणाच्या ध्यानातही न येता, डोळा ओला ठेवण्याचे आहे. हे काम बिघडले म्हणजे ‘कोरडा डोळा’ हा विकार जडतो. तो उतारवयाचा, असा आपला समज असतो. पण शाळेत जाणाऱ्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींतही तो आढळतो, म्हणून त्याचा विचार येथे करू.

बुबुळावरील अश्रूंचा थर केसाहूनही पातळ असतो. त्यात तळाशी बुळबुळीत श्लेष्म, मध्ये खारट पाणी आणि वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले व त्याचेच नाव त्यांना मिळाले. तवंग नसला की पाणी भराभर उडून जाते. पापणी मिटली की ग्रंथी दाबल्या जाऊन तेल बाहेर येते आणि उघडली की ते पसरते. सारी किल्ली आहे ती पापणीच्या या उघडझापीत.

एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी मिटतो. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. शिवाय मिटलेली पापणीही अर्ध्यावरूनच परतते. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर आले, तेव्हा ही सवय घरोघर वाढली. त्यात तोंडावर येणारा पंख्याचा वारा, वातानुकूलित खोली, अपुरी झोप, कॉन्टॅक्ट लेन्स, धुळीची ॲलर्जी यांची भर पडते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन आणि ॲलर्जीवरील काही गोळ्या यांनीही डोळे कोरडे होतात.

गंमत अशी, की मूल ‘डोळे कोरडे झाले’ असे कधी म्हणत नाही. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, अक्षर क्षणभर पुसट होते आणि उलट पाणीच वाहते! डोळा दुखावला म्हणून आलेला तो पूर असतो. तो टिकत नाही. आपण मात्र म्हणतो, ‘नंबर वाढला असेल,’ किंवा ‘अभ्यासाची टाळाटाळ आहे.’

खरा धोका पुढेच आहे. लाली जावी म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असल्यास बरे वाटते खरे. पण महिनोन्‌महिने घातल्यास मोतीबिंदू होऊ शकतो, किंवा डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो व गेलेली दृष्टी परत येत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थेंब नकोत. ते पापणीत गाळणकागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते हे पाहतात, तेलग्रंथी तपासतात. रात्री दिसेनासे होऊन डोळे कोरडे पडत असतील, तर तो अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा निराळा व तातडीचा प्रश्न समजावा.

घरचे उपाय साधे आहेत. वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. पापणी पुरी मिटावी. पडदा नजरेच्या खाली असावा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. लेन्स लावून झोपू नये आणि डोळे चोळू नयेत. मुलांना हे सांगताना आपलाही मोबाइल खाली ठेवावा, एवढीच विनंती.