कथेतल्या माणसाचे निदान आणि शेजारच्या माणसाचे

आमच्या अभ्यासिकेत रविवारी अभ्यास संपला की पोरे एक खेळ खेळतात. एकाने सिनेमातले, नाटकातले किंवा मालिकेतले पात्र सांगायचे आणि बाकीच्यांनी त्याचा मानसिक आजार ओळखायचा. मालिकेतली सासू 'नार्सिसिस्ट', 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर 'डिमेन्शिया', एखादा रागीट नायक थेट 'बायपोलर'. मोबाइलवर लक्षणांची यादी उघडलेली असतेच. खेळ मजेचा आहे. आम्हीही त्यात बसतो, हसतो. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि हा खेळ आला कुठून, ते शोधून काढावेसे आम्हाला वाटले.

हा खेळ रिकामटेकड्यांनी काढलेला नाही. तो खुद्द डॉक्टरांनी खेळलेला आहे, तोही नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत. डिसेंबर २००० मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातील डॉक्टरांनी एक लेख लिहिला. विषय होता ए. ए. मिल्न यांच्या बालपुस्तकांतले विनी द पू हे अस्वल आणि त्याचे सवंगडी. पूला लक्ष न लागण्याचा विकार, घाबरट पिगलेटला चिंताविकार, सदा खांदे पाडून बसलेल्या ईयोर गाढवाला दीर्घकाळ रेंगाळणारे नैराश्य, उड्या मारणाऱ्या टिगरला अतिचंचलता. नुसती नावे देऊन ते थांबले नाहीत, औषधेही सुचवली. लेख विनोदी होता आणि चिमटा स्वतःच्याच व्यवसायाला होता. आपण डॉक्टर मंडळी जंगलातल्या खेळण्यांनाही सोडत नाही, असा त्याचा सूर. पुढे मात्र लोकांनी तो जसाच्या तसा खरा मानला. कोण पू, कोण ईयोर हे सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्या निघाल्या.

आम्हाला जास्त आवडला तो दुसरा लेख. डिसेंबर २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी गॉलमची केस मांडली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला हा गॉलम म्हणजे वय वर्षे ५८७, अविवाहित, राहण्याचा ठिकाणा नाही. अंगठीच्या मोहाने झिजलेला, स्वतःशीच दोन आवाजांत भांडणारा. त्यांनी ३० वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारले, तर २५ जणांनी सांगितले, स्किझोफ्रेनिया. चित्रपट पाहून आपणही हेच म्हटले असते.

पण लेखकांनी ते उत्तर स्वीकारले नाही. आधी त्यांनी शरीर तपासले. गॉलम कच्चे मासे खाऊन जगतो, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्यानेही चिडचिड आणि संशय वाढतो. केस गळलेत, वजन उतरले आहे, ते रक्तक्षयाने असेल. डोळे बाहेर आलेत, मग थायरॉइड पाहायला हवा. मेंदूत गाठ तर नाही? हे सगळे बाजूला केल्यावरच मनाचा विचार. आणि तिथे त्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. भ्रम म्हणजे काय? जी समजूत खोटी आहे, पक्की आहे आणि त्या माणसाच्या समाजात कोणी मानत नाही, ती. गॉलम म्हणतो की अंगठी आपल्यावर राज्य करते. पण त्या जगात अंगठीत खरोखरच ताकद आहे! मग तो भ्रम कसा? शेवटी त्यांनी स्किझॉइड व्यक्तिमत्त्व विकार हे निदान केले, नऊपैकी सात निकष जुळवून. (डार्थ व्हेडरवरही फ्रान्समधल्या तुलूझच्या मानसोपचारतज्ज्ञांनी असाच लेख २०११ मध्ये लिहिला आहे. विद्यार्थ्यांना विकार समजावायला अशी पात्रे सोयीची पडतात, हे खरे.)

यातून निदान कसे होते ते कळते, म्हणून एवढे सविस्तर सांगितले. यादीतली चार लक्षणे जुळली की झाले, असे ते नसते. किती दिवसांपासून? नैराश्यासाठी किमान दोन आठवडे, सततच्या चिंताविकारासाठी सहा महिने. कामधंदा, झोप, नाती यांवर परिणाम झाला का? शरीराचा आजार, व्यसन, औषध यांमुळे तर नाही? घरात नुकताच मृत्यू झाला आहे का? आणि हे सगळे समोर बसून, त्या माणसाच्या तोंडून ऐकून. कथेतल्या पात्राला आपण हे विचारू शकत नाही. लेखकाने दाखवले तेवढेच ते असते. म्हणून ते गंमत म्हणून ठीक.

जिवंत माणसाला न भेटता हेच केले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याबद्दल 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारले. १,१८९ जणांनी न भेटता, न तपासता कळवले की हा माणूस मनाने त्या पदाला लायक नाही. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की तपासणी आणि परवानगीशिवाय कोणा सार्वजनिक व्यक्तीवर व्यावसायिक मत द्यायचे नाही.

आपल्यासारख्यांनी तर आणखी मागे जाऊन पाहायला हवे. १८५१ मध्ये लुईझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने एक नवा आजार जाहीर केला, 'ड्रॅपेटोमेनिया'. लक्षण एकच, गुलाम मालकाच्या शेतातून पळून जातो. स्वातंत्र्य हवे वाटणे हाच मनोविकार! उपाय म्हणून चाबकाचे फटकेही त्याने सुचवले. तिथे निदान करणारा कोण होता आणि ज्याचे निदान झाले तो कोण, एवढे पाहिले तरी पुरे. आपल्याकडे उलट बोलणाऱ्याला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणण्याची सवय किती जुनी आहे, हे वाचकांना सांगायला नको. मुंबईत 'ठाण्याला पाठवा', पुण्यात 'येरवड्याला पाठवा'. तिथल्या मनोरुग्णालयांत माणसे बरी व्हायला जातात, हे त्या वाक्यात कुठेच नसते.

म्हणूनच आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम ३ मध्ये स्पष्ट सांगतो की कोणाला मानसिक आजार आहे हे त्याच्या राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून, धर्म-वंशावरून किंवा समाजात रूढ असलेल्या समजुती तो मानत नाही म्हणून ठरवता येणार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरूनही आज तो आजारी आहे असे म्हणता येत नाही. हे कलम जास्त लोकांनी वाचायला हवे, असे आमचे मत आहे.

आता ती घडलेली गोष्ट. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा दोन-तीन रविवार खेळ सुरू झाला की उठून जायचा. अभ्यास असेल म्हणून आम्ही सोडून दिले. एकदा जिन्यात गाठून विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, तुम्ही ज्या आजाराला हसता, त्याच्या गोळ्या मी दोन वर्षं घेतोय. घरात माहीत आहे, इथं नाही." आमच्याकडे उत्तर नव्हते. 'बायपोलर' हा शब्द त्या खोलीत आम्हीच किती वेळा फेकला होता, ते त्याला पाठ असावे.

खेळ बंद करावा असे आमच्यातल्या काहींना वाटले. त्याचेच म्हणणे पडले की नको. बंद केला तर तो विषय पुन्हा कुजबुजीत जाईल. मग एवढेच ठरले की आजाराचे नाव शिवीसारखे वापरायचे नाही, खोलीतल्या किंवा ओळखीतल्या माणसावर खेळ आणायचा नाही आणि नाव घेतले तर निकष सांगायचे. फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहिला आहे. सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलता येते.

गेल्या रविवारी आम्ही गॉलमची केस फळ्यावर मांडली, उत्तर न सांगता. बहुतेकांनी स्किझोफ्रेनियाच म्हटले. तो मुलगा मागे भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "आधी याची थायरॉइडची टेस्ट करा रे. माझीपण पहिली तीच केली होती."