बोटात घेतलेली सुई



कोयता धरून धरून, नाहीतर म्हशींच्या धारा काढून बोट अडकू लागते. सकाळी मूठ उघडेना, उघडली तर खटकन उघडते. कुणाचे अंगठ्याच्या मुळाशी मनगट ठणकते. मग भाऊ राजापेठेत उतरतात आणि दवाखान्यात म्हणतात, "डॉक्टरसाहेब, एक सुई टोचून द्या बाप्पा, उद्या वावरात जायचं हाये!"

ही सुई स्टेरॉइडची. १९५१ च्या सुमारास हे औषध सांध्यात टोचू लागले. बहुतेकांना गुण येतो, म्हणून आम्ही तिच्या विरोधात नाही. पण सुईबरोबर जंतू आत गेले तर काय होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

असे क्वचितच होते. झाले तर मात्र हात जायची वेळ येते. बोटाची शीर एका अरुंद नळीतून सरकते. त्या नळीत पू झाला की शिरेचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते आणि बोट कायमचे ताठरते. अंगठ्याची आणि करंगळीची नळी तर मनगटापर्यंत पोचते, त्यामुळे एकीतला पू दुसरीत उतरू शकतो. त्यात स्टेरॉइडचा गुणच सूज दाबण्याचा. आतले दुखणे उशिरा वर येते, कधी कधी काही आठवड्यांनी.

सुईनंतर दिवस-दोन दिवस ठणका लागणे साधे आहे, तो ओसरतो. तो वाढत गेला, बोट सगळे सारखे सुजले, अर्धवट वाकलेलेच राहिले आणि कुणी सरळ करताच कळ आली, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठावा. शिकागोचे डॉ. कॅनावेल यांनी शिकवलेल्या ह्या खुणा आजही जगभर धरतात. शेक, चोळणे, लेप काही करू नये.

ज्यांना साखर आहे (आपल्या पोत्यातली नव्हे, रक्तातली) त्यांना धोका जास्त. या सुईने साखर काही दिवस चढतेही, तेव्हा आधीच सांगावे. हातावर पाचटाचे ताजे ओरखडे वा पिकलेली जखम असेल तर सुई पुढे ढकलावी. सुई-सिरिंज आपल्यासमोर नवी फोडायला सांगण्यात लाज कसली? औषधच दूषित निघाल्याने अमेरिकेत २०१२ साली साडेसातशेच्या वर माणसे आजारी पडली, साठावर दगावली. त्यांतील बहुतेकांना पाठीत सुई दिली होती.

राजापेठेहून इर्विन दवाखाना काही लांब नाही. जाताना सुईची तारीख आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. तिथे आधी तेच विचारतील.